अनुग्रह कोणाचा?

अष्टागरातील एखादा मनुष्य पहाटे उठून डोळे मिटून बसतो अशी वार्ता फुटली, म्हणजे शेजारीपाजारी त्यास जो पहिला प्रश्न विचारतात तो ‘बसून काय मिळते?’ हा नसतो. तो असतो ‘अनुग्रह कोणाचा?’ सोयरीक जुळविताना कूळ विचारावे, किंवा आंब्याची पेटी घेताना बाग कोणाची हे विचारावे, तसाच हा सरळ व्यवहारी प्रश्न आहे, आणि विचारणाराच्या मनात कोणताही वाकडेपणा नसतो. उत्तर एका नावात देता आले की तो समाधानाने पानाचे तबक पुढे करतो. आम्हांस हे उत्तर गेली पन्नास वर्षे देता आलेले नाही. कधी आम्ही हसून वेळ मारून नेतो, कधी दोनतीन नावे एकदम सांगतो. आणि दोनतीन नावे सांगितली म्हणजे, एकाच पंगतीच्या वेळी दोन घरची आमंत्रणे स्वीकारणाऱ्या गृहस्थाकडे पाहावे तसे लोक आमच्याकडे पाहू लागतात.

आमचे घर नागावचे. पुढे रस्ता, मागे नारळी-पोफळीची वाडी, वाडीच्या टोकाशी सुरूचे बन आणि त्यापलीकडे समुद्र. वडिलांस आम्ही अण्णा म्हणत असू. त्यांची उपासना दत्ताची. मार्गशीर्षी पौर्णिमेस चौलच्या डोंगरावर दत्तजयंतीची जत्रा भरते, ती आजही भरते. त्या पायऱ्या अण्णा आमचा व दादाचा हात धरून चढत, आणि धाप लागू नये म्हणून की काय, वाटेत अवधूताच्या चोवीस गुरूंची कथा सांगत. भागवताच्या अकराव्या स्कंधातील ही कथा मराठी माणसास नाथांमुळे घरची झाली. नाथांनी तो ग्रंथ 1573 साली काशीत पुरा केला. पृथ्वी, वारा, आकाश, समुद्र, कबुतर, अजगर, पतंग, कोळी, अशी ती यादी आहे. आम्हांस त्यातला बाण करणारा लोहार फार आवडे. समोरून राजाची मिरवणूक वाजतगाजत गेली तरी बाणाच्या टोकावरून त्याची दृष्टी हलली नाही, म्हणून तो गुरू. दहाबारा वर्षांचे असताना एकदा आम्ही विचारले, “अण्णा, दत्तांना चोवीस गुरू, मग आपल्याला एकच का?” अण्णा एक पायरी थांबले व म्हणाले, “ते दत्त होते. तू आधी एकाचा तरी हो.”

या उत्तरात तथ्य होते हे आज कळते. त्या वेळी मात्र ते मनात काट्यासारखे राहिले.

घराण्याच्या गुरुपरंपरेतील सत्पुरुष वर्षातून एकदा आमच्याकडे येत. दादाने त्यांचा अनुग्रह घेतला होता. 1972 साली आमची पदवीची परीक्षा आटोपली, तेव्हा अण्णांनी आमच्यासाठीही मुहूर्त पाहिला. सोवळे वाळत पडले, पूजेचे साहित्य आले, आईने पुरणाची डाळ निवडून ठेवली. आणि आदल्या दिवशी पहाटे आम्ही एक पिशवी घेऊन मागच्या वाडीतून निघालो, रेवसला जाऊन लाँच पकडली व भाऊच्या धक्क्यावर उतरलो. चिठ्ठी ठेवली होती. तीत पुष्कळ तत्त्वज्ञान होते. आईने निवडलेल्या डाळीचे काय झाले हे आम्ही कधी विचारले नाही.

आपण विनोबांच्या वाटेने चाललो आहोत असा तेव्हा आमचा समज होता. विनोबा आमच्याच जिल्ह्यातले. पेण तालुक्यातील गागोदे या खेड्यात 11 सप्टेंबर 1895 रोजी त्यांचा जन्म झाला, आणि बालपणही तेथेच गेले. 1916 च्या मार्चमध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस निघालेला हा तरुण वाटेत सुरतेस उतरला व काशीच्या गाडीत बसला, ही हकीकत आम्हांस तोंडपाठ होती. त्यापूर्वी त्यांनी आपली प्रमाणपत्रे आईच्या चुलीत घातली होती. आमची प्रमाणपत्रे मात्र पिशवीत घडी करून ठेवलेली होती, कारण गिरगावातील एका शाळेत शिक्षकाची जागा रिकामी असल्याचे आम्हांस समजले होते. अनुकरण करावयाचे तर असे बेताने करावे!

विनोबांच्या चरित्रातील जी गोष्ट आम्ही तेव्हा वाचूनही वाचली नाही ती निराळी आहे. त्याच वर्षी जूनमध्ये ते अहमदाबादेस गांधीजींस जाऊन मिळाले, आणि तेथे राहिले. पण उपनिषदे व ब्रह्मसूत्रे नीट शिकावी ही ओढ सुटेना, तेव्हा आश्रमाची एक वर्षाची रजा घेऊन ते वाईस गेले व प्राज्ञपाठशाळेच्या नारायणशास्त्री मराठ्यांपाशी बसले. हेच शास्त्रीबोवा पुढे केवलानंद सरस्वती झाले. वर्ष संपताच विनोबा कबूल केल्याप्रमाणे परत आश्रमात हजर! पुढील आयुष्यात त्यांनी कुराण मुळातून वाचण्यासाठी अरबीचा अभ्यास केला, धम्मपदाची नवी मांडणी केली, ख्रिस्ताच्या वचनांचे सार काढले. एका गुरूपासून दुसऱ्याकडे जाताना त्यांनी मागचे दार वापरले नाही. रजा मागितली, मुदत सांगितली, मुदतीत परतले. आणि ज्या आईचे घर सोडले, तिने संस्कृत कळत नाही म्हणून मराठी गीता मागितली होती, ती मागणी ते विसरले नाहीत. 1918 मध्ये ती वारली. गीताई 1932 मध्ये प्रसिद्ध झाली. चौदा वर्षे उशिरा का होईना, आईने मागितलेली गीता मराठीत आली. आम्ही या चरित्रातून फक्त सुरतेचे स्टेशन उचलले होते.

मुंबईतील पहिली काही वर्षे वाचनात गेली. मग एक स्वामी भेटले. त्यांचे नाव वा स्थान येथे सांगण्याचे कारण नाही. त्यांचा मठ आता नाही. त्यांची वाणी मधुर होती, आणि त्यांनी शिकविलेल्या नामजपाने आम्हांस पहिले सहा महिने खरोखरच शांत झोप लागली, हे न सांगणे अन्यायाचे होईल. आळंदीहून आणलेली एक तुळशीची माळ आम्ही त्यांच्या हातून घेतली. परंतु हळूहळू तेथील नियम ध्यानी येऊ लागले. अन्य ग्रंथ वाचू नये, अन्य संतांच्या दर्शनास जाऊ नये, शंका आली तर ती पूर्वजन्मीच्या पापाची समजावी. चौथ्या वर्षी सभामंडपासाठी वर्गणी निघाली. त्या वर्षी नागावचे घर शाकारण्यासाठी आम्ही काही रुपये बाजूस ठेवले होते. कौले जुनी झाली होती, आणि दादाने दोनदा पत्र घातले होते. ते पैसे आम्ही मंडपास दिले. दादास लिहिले की शाळेचा पगार थकला आहे.

त्या पावसाळ्यात माजघरात गळती लागली. अण्णांनी आपला पलंग तीनदा हलविला असे दादा पुढे म्हणाला, आणि पुढे काही बोलला नाही. आम्ही गणपतीला गेलो तेव्हा पलंगाच्या मूळ जागी एक पितळी घंगाळ ठेवलेले होते व त्यात टप टप पाणी पडत होते. त्या आवाजात आम्ही रात्रभर जप करीत होतो. एवढा वाईट जप आम्ही आयुष्यात केला नाही.

स्वामींस दोष देणे सोपे होते, व वर्षभर तो आम्ही दिलाही. पण दासबोधाने थोडी अडचण केली. आमच्या बाजूस दासबोध म्हणजे घरोघरची वस्तू. महाडकडच्या शिवथरच्या घळीत तो सांगितला गेला असे मानतात, आणि 1930 साली धुळ्याच्या शंकरराव देवांनी ती घळ शोधून काढल्यापासून लोक तेथे जातात. रेवदंड्याच्या नानासाहेब धर्माधिकाऱ्यांनी सुरू केलेल्या बैठकांमुळे तर वाडीत शिंपणे करणाऱ्या गड्यापासून मासळीच्या पाटीवाल्या मावशींपर्यंत सर्वांस समासांचे आकडे ठाऊक असतात. त्या ग्रंथाच्या पाचव्या दशकात खरा गुरू कसा ओळखावा हे सांगणारा समास आहे, तो आम्ही स्वामींवर खटला चालविण्यासाठी पुन्हा पुन्हा वाचला. त्याच्या पुढच्याच समासात शिष्याची लक्षणे आहेत. तो आमच्या प्रतीत स्वच्छ, बोट न लागलेला राहिला होता.

याच सुमारास आणखी एक गोष्ट कळली, ती सांगताना आजही ओशाळल्यासारखे होते. आम्ही गिरगावात राहत असू. खेतवाडी तेथून दोन हाकांच्या अंतरावर. त्या गल्लीत विड्यांचे दुकान चालविणारे एक गृहस्थ आपल्या घराच्या माळ्यावर निरूपण करीत, आणि ते ऐकण्यास सातासमुद्रापलीकडून माणसे येत. ते निसर्गदत्त महाराज. मोरिस फ्रीडमन या पोलंडहून भारतात येऊन राहिलेल्या विद्वानाने त्यांच्या मराठी संवादांचे इंग्रजी करून 1973 मध्ये ‘आय ॲम दॅट’ हा ग्रंथ काढला. तो आम्ही वाचला 1983 मध्ये, शाळेच्या एका सहकाऱ्याकडून मागून. आणि महाराजांनी देह ठेवला 8 सप्टेंबर 1981 रोजी. त्या गल्लीवरून आम्ही नऊ वर्षे शाळेत जात होतो. मराठीत बोललेले शब्द इंग्रजी होऊन, जग फिरून, शेजारच्या मराठी शिक्षकाच्या हाती बोलणारा गेल्यावर पडावे, यास काय म्हणावे?

त्या ग्रंथाच्या निमित्ताने त्यांच्या परंपरेची माहिती आम्ही मिळविली. उमदीचे भाऊसाहेब महाराज हे मूळ पुरुष. त्यांचा भर नामस्मरणावर, तेही तासन्‌तास बसून. 1914 मध्ये ते गेले. त्यांचे एक शिष्य तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक रामचंद्र दत्तात्रेय रानडे. त्यांनी गुरूची ती बैठक जन्मभर चालविली व निंबाळ येथे साधकांस तेच सांगितले. दुसरे शिष्य सिद्धरामेश्वर महाराज. त्यांनी गुरूच्या ध्यानाचा मार्ग हा मुंगीचा मार्ग मानला व विवेकाच्या बळावर पक्ष्यासारखे एकदम फळावर जाऊन बसण्याचा विहंगम मार्ग सांगितला. निसर्गदत्त हे त्यांचेच शिष्य. एकाच पुरुषापासून दोन वाटा निघाल्या, आणि दोन्हीकडचे लोक आपल्या गुरुपरंपरेत भाऊसाहेबांचे नाव सारख्याच आदराने घेतात. गुरूहून निराळे चालणे म्हणजे गुरूस सोडणे, हा आमचा जो समज स्वामींनी पक्का केला होता, तो येथे प्रथम सैल झाला.

1984 च्या मे महिन्यात आम्ही इगतपुरीस दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरास गेलो. सत्यनारायण गोयंका हे मूळचे ब्रह्मदेशातील व्यापारी. डोके दुखण्याच्या असाध्य विकारावर उपाय शोधीत ते सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले, आणि हे सयाजी भिक्षू नव्हते, तर ब्रह्मदेश सरकारचे महालेखापाल होते. हिशेबनीस मनुष्य ध्यान शिकवितो हे वाचून आम्हांस बरे वाटले. निदान वर्गणीचा हिशेब तरी चोख असेल. वस्तुतः तेथे वर्गणीच नव्हती. राहणे, जेवणे, शिकविणे यांचे मोल घेत नसत. शेवटी ज्याच्या मनात येईल त्याने पुढच्यासाठी द्यावे, एवढेच. गोयंका 1969 साली भारतात आले ते आपल्या आईवडिलांस ही विद्या द्यावी म्हणून, आणि त्या वर्षी जुलैत मुंबईत भरलेल्या पहिल्या शिबिरात त्यांचे आईवडील बसलेही होते. हे ऐकताना आमच्या डोळ्यांपुढे नागावचा पलंग आला.

शिबिराचा नियम असा की तेवढे दहा दिवस आपले मंत्र, माळा, पूजा सर्व बाजूस ठेवावे. कार्यालयात पैशांच्या पाकिटाबरोबर आमची तुळशीची माळ एका पिशवीत गेली. पहाटे चारला घंटा. बोलणे नाही, लिहिणे नाही, वाचणे नाही. पहिले तीन दिवस नाकपुडीपाशी येणारा-जाणारा श्वास पाहावयाचा. तो वाढवावयाचा नाही, कमी करावयाचा नाही, त्यास नावही द्यावयाचे नाही. इतके क्षुल्लक काम मनुष्यास करता येत नाही, हे कळण्यास आम्हांस बत्तीस-चौतीस वर्षे लागली होती. दुसऱ्या दिवशी गुडघे असे दुखले की चौलच्या पायऱ्या आठवल्या. सातव्या दिवशी मात्र, पाठीत कळ असताना व ती कळ पाहत असताना, बाहेर पाऊस आला म्हणून आम्ही पत्र्यावरचा आवाज ऐकला, आणि त्या आवाजात घंगाळातील थेंब ऐकू आले. जे दोन वर्षे आम्ही स्वामींच्या, दादाच्या, कौलांच्या नावावर लिहीत होतो, ते आमच्याच खात्यात येऊन पडले. रडू आले. ते पाहत बसलो. यापेक्षा मोठा अनुभव आला असता तर तो येथे सांगितला असता, आला नाही.

घरी जाऊन आम्ही अण्णांस सर्व सांगितले: कौलांचे पैसे, पगार थकल्याची थाप, इगतपुरी. अण्णा ऐकत राहिले. मग म्हणाले, “कौलांचं राहू दे. पण अरे, दहा ठिकाणी दहा हात खणून पाणी लागत नाही. एकाच जागी शंभर हात खणावं.” हा दृष्टांत सर्वांस ठाऊक आहे, आणि त्यापुढे बोलण्यासारखे काही नसते. परंतु तेथे वाडीतला म्हातारा गडी शिंपणे आटोपून चहासाठी बसला होता. तो सहज म्हणाला, “अण्णा, आपल्या वाडीत शंभर हात खणाल तर खारंच लागेल.”

अण्णा क्षणभर थांबले आणि मोठ्याने हसले. आमच्या किनाऱ्याच्या वाळूत खरोखरीच असे आहे. पावसाचे पाणी मुरून खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते, कारण ते हलके असते. आठदहा हातांवर गोड पाणी. त्याखाली गेलात की मचूळ, आणि त्याहून खाली समुद्र. रहाट होते तोवर पाणी जेवढे झिरपे तेवढेच उपसले जाई. पंप आले, आणि पुष्कळांच्या विहिरी वैशाखात मचूळ झाल्या. या गोष्टीने गुरूसंबंधीचा वाद सुटला असे आमचे म्हणणे नाही. देशावर शंभर हात खणावेच लागतात. पण अण्णांनी त्यानंतर तो दृष्टांत आमच्यापाशी काढला नाही, आणि आम्हीही चोवीस गुरूंचा काढला नाही.

आमच्याच जिल्ह्यात, मांदाडजवळ राजपुरीच्या खाडीवर कुड्याची लेणी आहेत, ती आम्ही त्यानंतर पाहिली. दोन हजार वर्षांमागे तेथे भिक्षू पावसाळ्यात येऊन राहत. कातळात खोदलेल्या लहान लहान खोल्या, आत निजण्यापुरता दगडी ओटा. खोदण्यास दान देणाऱ्यांची नावे भिंतींवर आहेत; त्यांत एक वैद्य आहे व एक फुलमाळी आहे. जी विद्या शिकण्यास आम्ही इगतपुरीचा घाट चढलो, ती कधी काळी आमच्या खाडीच्या काठी होती, आणि माळ्याने तिच्यासाठी पैसे मोजले होते. त्याच्या घरची कौले त्या वर्षी गळत होती की काय, हे शिलालेखात नाही.

1996 च्या भाद्रपदात अण्णांस अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, वाचाही बहुतेक गेली. शाळेची रजा काढून आम्ही नागावास आलो. दिवसा दादा व वहिनी पाहत. रात्र आमच्याकडे होती. तिसऱ्या रात्री अण्णा डाव्या हाताने खुंटीकडे पुनःपुन्हा खूण करू लागले. खुंटीवर त्यांची रुद्राक्षाची माळ होती. ती आम्ही त्यांच्या डाव्या हातात दिली. त्यांनी मान हलविली. डाव्या हाताने जप ते कधी करणार नव्हते. उजव्या हातात ठेवली तर मणी सरकेना. डोळ्यांत पाणी आले. मग त्यांनी ती माळ ओढून आमच्या उजव्या हातात घातली.

येथे पेच होता. मणी आम्ही ओढणार, पण मंत्र? तो अनुग्रहाशिवाय कोणास सांगावयाचा नसतो, आणि ज्या दिवशी तो आम्हांस मिळावयाचा त्याच्या आदल्या पहाटे आम्ही रेवसच्या वाटेवर होतो. सांगावयाचे म्हटले तरी आता त्यांची वाचा नव्हती. दादास उठवावे असे वाटले. त्याच्यापाशी तो मंत्र होता. परंतु अण्णांनी आमचे मनगट सोडले नाही. ते डोळे मिटून पडले, आणि आम्ही त्यांच्या नाकाकडे पाहू लागलो. श्वास आत गेला, थांबला, बाहेर आला. बाहेर येताना ओठ किंचित हलले. आम्ही एक मणी ओढला. पुन्हा श्वास, पुन्हा ओठ, पुन्हा मणी. त्यांचा श्वास सरळ नव्हता. कधी अडखळे, कधी दोन लागोपाठ येत. आपल्या लयीत मणी ओढून चालणार नव्हते. पाहावयाचे, वाढवावयाचे नाही, कमी करावयाचे नाही, नाव द्यावयाचे नाही. नाव देणारे ते होते.

मेरुमणी आला म्हणजे आम्ही माळ उलटी फिरवीत असू. त्या रात्री चार माळा झाल्या. पहाटे दादा चहा घेऊन आला, दारात उभा राहिला, आणि काही न विचारता खाली गेला.

असे पाच महिने चालले. शाळेने बिनपगारी रजा दिली. दिवसा आम्ही झोपत असू किंवा वाडीत बसत असू. त्या काळात आम्ही स्वतंत्रपणे ध्यानास बसलो नाही, आणि त्याची आठवणही झाली नाही. एकदा अण्णांनी डाव्या हाताची दोन बोटे नाकाशी नेली व प्रश्नार्थक भुवया उंचावल्या. इगतपुरीस हेच शिकवितात काय, असे ते विचारीत होते. आम्ही होय म्हटले. त्यांच्या तोंडाच्या डाव्या कोपऱ्यात हसू आले. ते मान्यतेचे की थट्टेचे, हे आम्हांस सांगता येणार नाही.

माघात ते गेले. रात्री ओहोटी होती, समुद्राचा आवाज दूर गेला होता. मेरूपासून एकाहत्तरावा मणी ओढला, आणि पुढचा श्वास आला नाही. आम्ही बराच वेळ बहात्तराव्यावर अंगठा ठेवून बसलो होतो.

दिवसकार्य झाल्यावर माळ कोणी ठेवावी हा विषय निघाला. परंपरेप्रमाणे ती दादाची. त्याचा अनुग्रह होता. दादा म्हणाला, “मी मंत्र घेतला, पण अण्णांचे मणी तू ओढलेस. तुझ्याकडे राहू दे.” आम्ही म्हटले, “दादा, आम्हांला तो मंत्र ठाऊक नाही.” “नसू दे,” तो म्हणाला. शेवटी ती कोणीच नेली नाही. ती त्याच खुंटीवर आहे. नोकरी संपल्यावर आम्ही नागावास कायमचे येऊन राहिलो तेव्हापासून पहाटे त्या खुंटीखाली बसतो. आमची तुळशीची माळही तिच्याशेजारी आहे. ज्याने ती दिली त्यानेच पहिले सहा महिने झोप दिली होती. विहिरीवरचा पंप आम्ही वैशाखात दिवसातून एकदाच लावतो.

मागच्या आठवड्यात मांडव्याहून येताना रिक्षात शेजारी बसलेल्या एका गृहस्थाशी बोलणे निघाले. त्यांनी प्रश्न केला. आम्ही नावे मोजू लागलो, आणि खुंटीपाशी येऊन अडलो. तोवर नागावचा फाटा आला.